अडुळशाचं बोडकं कुंपण

“पोरीचं मंग बगू, वहिनी. पयलं त्या कुपनाचं काय ते करा.”

मागच्या पडवीत आत्या आईला सांगत होती. मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या धरून उभी होते. मध्ये एक पातळ पत्र्याचं दार. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला गावची बोली अर्धीच कळते, अशी आत्याची समजूत आहे. ही समजूत मी लहानपणापासून जपून ठेवली आहे. त्यामुळे घरातलं सगळं मला वेळेवर कळतं.

“कुपनाला काय झालंय?” आई म्हणाली.

“बोडकं झालंय. कोनची मान्सं हायेत ती, मुंबयची न्हायत. दारात पाय टाकायच्या आदी त्यांना कळंल, या घरात कोन तरी खोकतंय.”

खोकणारी मी होते. त्या दुपारी कोन गावाहून मला बघायला पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्यापासून माझा खोकला लपवायचा असं घरात ठरलं होतं. अंजूरच्या आमच्या घराला फाटकाच्या दोन्ही बाजूंनी अडुळशाचं कुंपण आहे. दिवाळीपासून माझ्या रसासाठी पानं तोडून तोडून त्याची एक बाजू कमरेच्या उंचीपर्यंत नुसत्या काड्यांची झाली होती. खोकला लवंगेने दाबता येतो, मधाने दाबता येतो. कुंपण कशाने दाबणार?

यंदाही तेच दिवस परत आलेत. राहिलेल्या खाचरांतलं भात कापून झालं आहे. सकाळी खाडीकडून गार वारा येतो आणि दुपारी कंटेनरच्या चाकांखालची धूळ त्याला पिवळं करून टाकते. संध्याकाळी दापोड्याच्या कामावरून घरी येते तेव्हा शेअर रिक्षातली सगळी माणसं आळीपाळीने खोकत असतात. एकाने सुरू केलं की दुसऱ्याला आठवतं. फाटकाशी उतरते तर अडुळशाला पांढरे तुरे आलेले. बाकीची झाडं थंडीत अंग चोरून घेतात, हा मात्र माणसं खोकायला लागली की फुलतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

दिसायला अडुळसा काही खास नाही. माणसाच्या उंचीचं झुडूप, बारा महिने हिरवं. लांबट, टोकदार, गडद पानं, चुरगळली की शिळ्या चहासारखा वास. फुलं पांढरी, खालच्या ओठावर जांभळट रेघा. फूल ओढून त्याचं मागचं टोक चोखलं की जिभेवर गोड थेंब येतो. गावातल्या प्रत्येक पोराने तो चोखलेला असतो आणि प्रत्येक पोराने कधी ना कधी त्यातली मुंगीही खाल्लेली असते. हौसेने अडुळसा कुणी लावत नाही. हौसेला जास्वंद आहे, मोगरा आहे. अडुळसा लावतात तो शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. गुरं येतात, हुंगतात, पुढे जातात. ज्याला कुणी खात नाही त्याच्या हाती घराची राखण द्यावी, हा जुना हिशेब अगदी बरोबर आहे.

लावणंही सोपं. पावसाच्या तोंडाला जुनी, करडी पडलेली फांदी घ्यायची. तिचे वीतभर तुकडे करायचे, डोळे वरच्या बाजूला ठेवायचे आणि बांधावर तिरके खोचून द्यायचे. काही दिवस ते मेल्यासारखे उभे राहतात. मग एका सकाळी काखेतून हिरवा कोंब डोकावतो आणि त्यानंतर त्याच्याकडे बघायची गरज उरत नाही. सावली चालते, खडक चालतो, खाडीचा खारा वाराही बऱ्यापैकी सोसतो. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी पेरणीआधी सगळ्यांची कुंपणं छाटायचे आणि तो पाला भाताच्या चिखलात तुडवायचे. कुजला की खत, आणि कीडही कमी. केळीचा घड पिकवायचा तोही याच पाल्यात गुंडाळून. आता आमच्या बऱ्याचशा खाचरांवर गोदामाचा निळा पत्रा उभा आहे. त्याचं मला रडू येत नाही. त्याच पत्र्याखाली मला नोकरी मिळाली. पण पावसाआधी बाबा अजून कुंपण छाटतात आणि छाटलेला पाला हातात घेऊन घटकाभर उभे राहतात, कुठे टाकायचा ते आठवत असल्यासारखे. मग नारळाच्या आळ्यात टाकतात.

आमच्याकडे कुंपणं वाचतात. हे शाळेत कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून मी कधी सांगितलं नाही. पण खरं आहे. पानं खालून गेलेली असली तर घरातलं पोर तोडायला पाठवतात. वरची गेली तर घरातला उंच माणूस तोडतो, म्हणजे एरवी तोडणारी बाईच आजारी आहे. नुसते कोवळे शेंडे खुडलेले दिसले तर तोडणारा शहरातून आलेला, कारण गुण जून पानात असतो हे त्याला माहीत नसतं. एखाद्याच्या घरी अडुळसा नसला तर तो दुसऱ्याच्या कुंपणातून घेतो. विचारत नाही. औषधाला विचारायचं नसतं आणि घेतल्यावर आभारही मानायचे नसतात. आभार मानले की गुण जातो म्हणतात. कुंपणाच्या धन्याने फक्त दुसऱ्या दिवशी रस्त्यात दिसल्यावर म्हणायचं, “बरं हाय ना घरात?” आणि समोरच्याने म्हणायचं, “हाय.” एवढ्यात सगळं आलं.

म्हणूनच लग्नाच्या मुलीच्या दारातलं कुंपण भरलेलं असावं लागतं.

माझा खोकला सुरू झाला तो दापोड्याच्या गोदामात लागल्यावर. माझं काम ऑफिसातलं, आलेल्या आणि गेलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर करायची. पण ऑफिस म्हणजे गोदामाच्या एका कोपऱ्यात काचा लावून काढलेली खोली. पुठ्ठ्याच्या खोक्यांची बारीक, करडी धूळ काचेला जुमानत नाही. संध्याकाळी की-बोर्डवर बोटाने नाव लिहिता यायचं. दिवाळीत खोकला आला, दिवाळी गेली, खोकला राहिला. भिवंडीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, छाती साफ आहे, धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणाले. तोंडाला मास्क आणि ओढायचा पंप दिला. मला तेवढं पुरे होतं. घराला नव्हतं. लग्नाच्या वयाची मुलगी आठवड्यांमागून आठवडे खोकते तेव्हा लोकांच्या मनात एकच रोग येतो, आणि त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. फोटो कपाटात होता, आणि साफ होता. पण फोटो घेऊन गावभर कोण फिरणार?

“डॉक्टरनं पंप दिलाय ना तिला?” बाबा आत्याला म्हणायचे.

“पंप शेतात लावतात, दादा. छातीला न्हाय.”

आत्या दोन आळ्या पलीकडे राहते, पण तिचा दिवस आमच्याकडेच जातो. अडुळशाचा रस काढणं हे तिचं काम, त्यात ती आईलाही हात लावू देत नाही. पानं धुवायची, पुसायची, तव्यावर मऊ पडेपर्यंत परतायची, मग ठेचून स्वच्छ फडक्यात घालून पिळायची. कच्च्या पानाला कितीही पिळलं तरी ते काही देत नाही. तव्याची ऊब लागली की सोडतं. हिरवा, दाट रस वाटीत पडायचा, त्यात मध. मध घालूनही तो इतका कडू की कानापर्यंत जाणवायचा.

“नाक दाब आनी घे, बाय.”

मी घ्यायचे.

“तोंड वाकडं करू नको. कडू हाय म्हनून औषद हाय. गोड असतं तं मिठाईवाल्यानं इकलं असतं.”

गुण यायचा. हे मी पंप नियमाने ओढणारी मुलगी सांगते आहे. पंपाने श्वास मोकळा व्हायचा आणि अडुळशाने छातीत अडकलेलं सुटायचं. दोघांचं भांडण फक्त आत्या आणि बाबांमध्ये होतं, माझ्या छातीत नव्हतं.

त्या हंगामात स्थळं बघणं सुरू झालं होतं. आत्याने मला एकच नियम घालून दिला: विचारलं तरच बोलायचं. “बोललीस का घसा खवखवतो. गप बसलीस का खोकला बी गप बसतो.” हा नियम मला नवा नव्हता. शाळेत मराठीत बोललं की नाव फळ्यावर जायचं. घरी इंग्रजी शब्द निसटला की चुलत भावंडं आठवडाभर त्याच शब्दाने हाक मारायची. दोन्हीकडे कमी बोलणं स्वस्त पडतं हे मी लवकर शिकले. मी बघते, ऐकते, लक्षात ठेवते. बोलायचं ते मनात बोलते आणि मनात माझं मराठी फार चांगलं आहे. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात. आधी जी मुलगी ‘इंग्रजी साळंत जाऊन मुकी झाली’ होती, ती स्थळं यायला लागल्यावर एकदम ‘गरीब स्वभावाची’ झाली. माझ्या न बोलण्याला पहिल्यांदाच भाव आला होता आणि तो मला आवडत नव्हता. पण हे सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

घराच्या मागे आमच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्या वर्षी तिथे नाझियाभाभी नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांचा नवरा कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा. सकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर कापसाची लव असायची, जणू एका रात्रीत म्हातारा झाला. आधीच्या मालकाने त्यांना काढलं होतं, पोटुशी बाई आणि तिच्यामागून येणारी पाहुण्यांची वर्दळ त्याला नको होती. त्यानंतर भर उन्हात खोल्या शोधत फिरून त्या आमच्या फाटकाशी आल्या आणि आईने आधी पाणी दिलं, मग खोली. भाभींचं माहेर फार लांब. म्हणून संध्याकाळी त्या आमच्या पडवीत येऊन बसायच्या, कोळंबी सोलताना आईला हातभार लावायच्या आणि आत्याशी हुज्जत घालायच्या.

“तू ये पत्ता नै खानेका हां,” आत्या पानं परतताना त्यांना बजावायची. आत्याचं हिंदी हे तिचं स्वतःचं आहे. “पेट में बच्चा हाय ना तेरे. पोटुशी बाईला ये पत्ता नै चलता.”

“अरे आत्या, मैं तो सूँघती भी नहीं.”

“और तेरे आदमी को? लूम का कचरा छाती में जाता हाय.”

“उनको तो छींक भी नहीं आती. सारी खाँसी आपकी दीदी ने ले ली, हमारे लिए कुछ बचा ही नहीं.”

दीदी म्हणजे मी. मी हसले आणि हसताना खोकले, आणि मग आत्याही हसली. ती संध्याकाळ मला चांगली आठवते, तव्यावरच्या पानांच्या वासासकट. पोटुशी बाई अडुळसा घेत नाही, हे आत्याइतकं ठामपणे गावात कुणी सांगत नसेल.

तर त्या दिवशीचं कुंपण. आईचं म्हणणं होतं त्यावर गोधड्या वाळत घालू. आत्याला ते पटलं नाही. पाहुणे यायच्या दिवशी दारात गोधड्या म्हणजे घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे असं वाटेल. मग तिने कोयता घेतला, मागे गेली, भाडोत्र्यांच्या खोल्यांमागच्या कुंपणातल्या भरलेल्या फांद्या तोडून आणल्या आणि पुढच्या बोडक्या जागेत एकेक करून खोचल्या. खोचून झाल्यावर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, डोळे बारीक करून पाहिलं, परत येऊन एक फांदी डावीकडे सरकवली. मी खिडकीतून बघत होते. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. आमचं कुंपण इतकं दाट आधी कधीच नव्हतं.

पाहुणे दुपारी जेवणानंतर येणार होते. पण कोनच्या रस्त्याला एक कंटेनर आडवा झाला आणि पाहुणे त्यामागे अडकले. उन्हं तिरपी झाली तरी ते आले नाहीत. आत्या दर थोड्या वेळाने फाटकाशी जायची. लोकांना वाटलं असेल पाहुण्यांची वाट बघते. ती फांद्या बघत होती. थंडीचं असलं तरी ऊन ते ऊन. तोडलेल्या फांदीला मूळ नसतं. आधी शेंडे वाकले, मग पानं लोंबली, मग एकेक फांदी शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपली. आत्याने तांब्याने पाणी शिंपडलं. मेलेल्याच्या तोंडात घालतात तसं ते दिसलं. आईने तोंड फिरवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ती हसते आहे.

“हस तू,” आत्या म्हणाली. “तुज्याच पोरीसाठी चाललंय.”

हे मात्र खरं होतं. आत्यावर मला राग धरता येत नाही तो यामुळेच. माझ्या छातीतून आवाज आला की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि ती आठी लोकांसाठी नसायची.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यासाठी कुणी थांबून राहायला नको. ते स्थळ जमलं नाही. मुलगा सरळ होता, माझ्याइतकाच गप्प होता. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून टीपॉयवरच्या बशीकडे बघत राहिलो. त्यांना लग्नानंतर घर सांभाळणारी हवी होती आणि मला माझं काम सोडायचं नव्हतं. हे पुढच्या आठवड्यात फोनवर नीट बोलून मिटलं, कुणाच्या मनात काही राहिलं नाही. आत्याने खोचलेल्या फांद्या आईने उपटल्या नाहीत. रोज भांडी विसळल्याचं पाणी घातलं तिने त्यांना. बऱ्याच वाळल्या, पण ज्या जून होत्या त्यांनी मूळ धरलं. आज फाटकाजवळचं कुंपण सगळ्यात दाट आहे ते तिथेच. बाहेरून येणारा कुणीही ते बघून म्हणेल की या घरात कुणी कधी खोकलंच नाही. वाचणाऱ्याने कुंपणावर किती विश्वास ठेवावा याचा मी तेव्हापासून विचार करते.

स्थळाचं वाईट मला वाटलं नाही. कसोटी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची.

पाहुणे आले तेव्हा मुलाची आई सगळ्यात शेवटी रिक्षातून उतरली. थोराड, मोकळी बाई. फाटकातून आत येताना तिने पुढच्या कुंपणाकडे एकदा पाहिलं. मग हातपाय धुवायला मागे गेली. मागे नळ आहे, नळासमोर भाडोत्र्यांच्या खोल्या, आणि खोल्यांच्या पाठीशी ते कुंपण ज्यातून सकाळी आत्याने कोयत्याने फांद्या तोडून नेल्या होत्या. बाई पदराला हात पुसत आत आली, खुर्चीवर बसली, पाण्याचा घोट घेतला.

“मागचं कुपन पार सोललंय तुमचं,” ती सहज म्हणाली. “आनी फुडचं झोपलंय. कोन खोकतं हो एवढं?”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. हातात चहाचा ट्रे. माझ्या मागे नाझियाभाभी पोह्यांच्या बशा भरत होत्या. सकाळपासून त्या आईच्या मदतीला होत्या, आईने नको म्हटलं तरी. मी ट्रे घेऊन बाहेर जायचं, मान खाली ठेवायची, विचारलं तर नाव आणि शिक्षण सांगायचं. जिभेखाली लवंग होती.

पंखा थंडीतही फिरत होता, मला धूळ लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या आणि माणसं खूप होती. आईने आत्याकडे पाहिलं. बाबांनी मोबाइल उलटा केला, परत सुलटा केला.

“आमच्याकडं कोन खोकनार?” आत्या म्हणाली. “मागं भाडोत्री हायेत ना, लूमवाले. त्यांचंच सारकं चालू असतं. रातभर.”

भाभींच्या हातातला डाव भांड्याला लागला. आवाज अगदी लहान होता. मराठी त्यांना सगळं कळतं, फक्त बोलत नाहीत. माझं गावच्या बोलीशी जसं आहे तसंच.

“लागट दुखनं तं न्हाय ना?” मुलाची आई म्हणाली. ती वाईट हेतूने म्हणाली नाही. पोराचं लग्न ठरवायला आलेली कुठलीही आई हे विचारेल. “असल्यांना घराला घर लावून ठिवलंय कशाला? पोरीबालींचं घर हाय तुमचं.”

“काढनारच हाव,” आत्या म्हणाली. “ह्याच मयन्यात.”

आत्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. ती वेळ मारून नेत होती. पण आमच्या गावात पाहुण्यांसमोर बोललेला शब्द तसाच राहत नाही. तो फाटकाबाहेर जातो, दुकानात जातो, रिक्षात बसतो. सोललेलं कुंपण त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभंच होतं. चार दिवसांनी कुणी तरी भाभींच्या दारावरून जाताना पदर तोंडाशी धरला असता, मग दुकानदाराने सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले असते, मग कुणी तरी बाबांना म्हणालं असतं, तुम्ही काढणार होतात ना त्यांना. आणि बाबा, ज्यांना छाटलेला पाला कुठे टाकायचा ते पटकन सुचत नाही, ते काय म्हणाले असते? पोटात बाळ घेऊन भाभी पुन्हा कुणाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या असत्या?

हे सगळं मी त्या दारात उभी राहून पाहिलं, जसं मी नेहमी सगळं पाहते. बघून झाल्यावर मी नेहमी ते मनात नीट लावून ठेवते. मनात माझ्या सगळ्या उत्तरांना जागा आहे. भाभींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बशीवर खोबरं भुरभुरत राहिल्या, एकाच बशीवर, पुन्हा पुन्हा, पोहे दिसेनासे होईपर्यंत. त्यांनी मान वर केली असती आणि रागाने बघितलं असतं तर कदाचित मी खाली पाहिलं असतं.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रे टीपॉयवर ठेवला. जिभेखालची लवंग काढून बशीच्या काठावर ठेवली. आत्याचे डोळे त्या लवंगेवर गेले आणि तिला कळलं. तिने अगदी बारीक मान हलवली, नको अशी. घशात नेहमीची खवखव वर येत होती. मी ती दाबली नाही. खोकला आला, चांगला छातीतून आला, आणि सगळे थांबले. तो संपेपर्यंत मीही थांबले. मग मुलाच्या आईकडे बघून, फळ्यावर नाव जाईल अशा भाषेत, मी बोलले.

“खोकला मला आहे, काकू. पुढची पानं माझ्यासाठी तोडली, आणि ते दिसू नये म्हणून मागचं कुंपण आज सकाळी आम्हीच सोललं. धुळीचा खोकला आहे, लागट नाही, छातीचा फोटो कपाटात आहे, दाखवते. भाभींकडे कुणी खोकत नाही. आणि त्यांचं बाळ याच घरात येणार आहे.”